बसणं आणि शोभणं : जुन्या लेन्सवरच्या पिवळ्या काचेविषयी



पत्रिकेवर आजचा विषय 'ज्ञानमीमांसेतील उपाधी' असा छापला आहे. तो आम्हीच दिला होता, आणि तो आज अर्धाच होणार आहे. मधल्या तीन महिन्यांत आम्ही एका पिवळ्या काचेच्या मागे लागलो. काच केवढी, तर जुन्या बंद्या रुपयाएवढी. पण तिच्या नादात चाळीस वर्षं वर्गात देत आलेले दोन दाखले आमच्या हातातून निसटले. तेव्हा त्या काचेचीच हकिकत सांगावी आणि त्या निमित्तानं जे काही चिकित्सा करण्याजोगं वाटलं ते मांडावं, असं ठरवलं. ज्यांना फसवणूक वाटेल त्यांनी अध्यक्षांकडे तक्रार करावी. आणि हे 'आम्ही' जे आहे ते मोठेपणाचं नाही, फळ्यापुढची सवय आहे. घरी नातवंडं विचारतात, "आजोबा, आम्ही म्हणजे अजून कोण?"

टेबलावर हा कॅमेरा ठेवला आहे. याशिका-मॅट १२४ जी. दोन डोळ्यांचा डबा म्हणा. वरच्या लेन्समधून पाहायचं, खालच्या लेन्सनं फोटो घ्यायचा. खालची लेन्स ८० मिलिमीटरची, एफ ३.५. एकशेवीस नंबरचा रोल घालायचा, त्यावर बारा चौकोनी फोटो येतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांत लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्या गळ्यात हा किंवा याच्या भाऊबंदांपैकी एखादा हमखास दिसायचा. आमचे थोरले बंधू अण्णा यांचा महालात छोटासा स्टुडिओ होता. ते गेले, स्टुडिओची जागा गेली, आणि एक पत्र्याची पेटी आमच्याकडे आली. त्यात हा कॅमेरा, एक बंद पडलेला लाइट मीटर, एक वही आणि टिनच्या डबीत एक फिल्टर होता. नारिंगी. त्या नारिंगीकडे आपण शेवटी येऊ.

आम्हाला हवा होता पिवळा. का, ते सांगतो. अण्णांच्या फोटोंत रामटेकचे दोन प्रिंट सापडले. एकाच जागेवरून, बहुधा एकाच दिवशी घेतलेले. गडमंदिराची कड, खाली झाडी, वर आकाश. पहिल्यात आकाश कोऱ्या कागदासारखं. दुसऱ्यात तेच आकाश राखाडी झालं आहे आणि त्यावर ढग उमटले आहेत, एकामागे एक, थेट डोंगरापर्यंत. मेघदूतातला रामगिरी म्हणजे हाच रामटेक, असं महामहोपाध्याय मिराशींनी याच नागपुरात बसून मांडलं. त्या डोंगरावर जायचं आणि ढगच नसलेला फोटो आणायचा, म्हणजे यक्षाची केवढी गैरसोय! अण्णांच्या वहीत दुसऱ्या प्रिंटपुढे दोनच शब्द आहेत : 'पिवळा, दुप्पट'.

दुप्पट म्हणजे एक्स्पोजर दुप्पट. पिवळी काच निळा प्रकाश अडवते, म्हणून तेवढा जास्त प्रकाश द्यावा लागतो. काळ्या-पांढऱ्या फिल्मला निळ्या रंगाचं वेड असतं. आपल्या डोळ्याला निळं आकाश जेवढं उजळ दिसतं त्याहून ते फिल्मला जास्त उजळ दिसतं. म्हणून आकाश पांढरं पडतं, आणि पांढऱ्यावर पांढरे ढग बुडून जातात. पिवळी काच लावली की आकाश खाली उतरतं आणि ढग जागेवर येतात. कोडॅकच्या यादीत याला आठ नंबरचा फिल्टर म्हणतात. जुने लोक त्याला 'के टू' म्हणत. रॅटन नावाची इंग्रज कंपनी होती, ती कोडॅकनं १९१२ साली विकत घेतली, आणि पुढे ही नंबरांची भाषा जगभर रूढ झाली. आठ म्हणजे पिवळा, पंधरा गडद पिवळा, पंचवीस तांबडा. तांबड्याला एक्स्पोजर आठपट लागतं.

तर आम्ही बर्डीवर गेलो. चार दुकानं झाली. पाचव्या दुकानातल्या मुलानं कॅमेरा हातात घेतला, लेन्सच्या तोंडावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "अंकल, इसमें तो चूड़ीच नहीं है।" पोरगं हुशार होतं. आधीच्या चौघांनी ८० हा आकडा वाचून ८० मिलिमीटरचा फिल्टर शोधायला सुरुवात केली होती. ही चूक फार सर्रास होते. लेन्सवर ५० किंवा ८० लिहिलेलं असतं ते तिचं नाभीय अंतर. फिल्टरचं माप वेगळं असतं. नव्या लेन्सवर ते तिरपी रेघ मारलेल्या शून्यापुढे छापतात. जुन्या लेन्सवर बहुधा कुठेच नसतं, मोजावं लागतं.

आणि मोजण्यातही मेख आहे. आटे असलेल्या लेन्सचं तोंड व्हर्नियरनं आतून मोजलं, तर ४९ चं कडं ४८ च्या किंचित वर भरतं. कारण आपण आट्यांच्या टोकांमधलं अंतर मोजतो, आणि फिल्टरचं माप आट्यांच्या खोलीपर्यंत धरलेलं असतं. त्यात आणखी एक आकडा असतो, तो कोणी सांगत नाही. आट्यांमधलं अंतर, म्हणजे पीच. रशियन हेलिओसला किंवा जपानी टाकुमारला ४९ चा व्यास आणि पाऊण मिलिमीटरचा पीच. रशियन ज्युपिटर-८ ला साडेचाळीसचा व्यास आणि अर्ध्याचा पीच. व्यास जुळला आणि पीच चुकला, तर फिल्टर एक-दीड फेरा अगदी प्रेमानं जातो आणि मग अडतो. तिथे थांबायचं असतं. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची अशीच एक लेन्स एका दुकानात 'थोडा जोर लगाओ' म्हणत आवळली गेली. अॅल्युमिनियमचे आटे मऊ असतात. आता त्या लेन्सवर काहीच बसत नाही, आणि जे अर्धवट बसलं होतं ते काढताना कडं अंडाकृती झालं. अडकलेला फिल्टर काढायचा तर मुठीत दाबू नये, त्यानं तो आणखी धरतो. रुंद रबरबँड गुंडाळून हलक्या हातानं फिरवावा. बरणीचं झाकण आणि हे सारखंच आहे.

आमच्या याशिकाला मुळात आटेच नाहीत. तिला बायोनेट आहे, म्हणजे खाचा. फिल्टर लावायचा, थोडा फिरवायचा, की बसला. ही रोलायफ्लेक्सची पद्धत. रोलायच्या एफ ३.५ टेसार लेन्सचं बायोनेट एक, मोठ्या प्लानारचं दोन, एफ २.८ चं तीन. जपान्यांनी, याशिकानं आणि मिनोल्टानं, एक नंबर उचलला. त्याच्या आधीच्या काही जर्मन कॅमेऱ्यांना नुसतं बाहेरून दाबून बसवायचं टोपण असे. अमेरिकनांची आणखी निराळी तऱ्हा. 'सिरीज सहा', 'सिरीज सात' अशा बिनआट्यांच्या चकत्या, त्या एका कड्यात टाकायच्या आणि वरून दुसरं कडं फिरवायचं. म्हणजे काच एकच, प्रत्येक लेन्ससाठी खालचं कडं तेवढं वेगळं. आम्हाला ही पद्धत सर्वांत शहाणपणाची वाटते, आणि तीच मेली. बाजार शहाणपणावर चालत नाही, एवढं समजायला तत्त्वज्ञानाची पीएच.डी. लागत नाही.

मुंबईला गेलो तेव्हा बोरा बाजारात फिरलो. जुने फिल्टर पुडक्यात होते, बिस्किटांसारखे. बायोनेट एकचा हिरवा मिळाला, त्याला बुरशी. पिवळा नव्हता. दुकानदारानं यूव्ही घ्या म्हणून फार आग्रह केला. या यूव्हीविषयी दोन शब्द बोलून टाकतो. नवी लेन्स घेतली की ही काच गळ्यात मारतातच. उंच पहाडावर फिल्मला तिचा काही उपयोग असतो. समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवरच्या नागपुरात, आणि तेही डिजिटल कॅमेऱ्यावर, ज्याच्या सेन्सरपुढे अशी काच आधीच बसवलेली असते, तिचा उपयोग धुळीपासून संरक्षण एवढाच. मे महिन्यातल्या आपल्या धुळीसाठी तो मान्य. पण किंमत ठाऊक असावी. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो. एक काच म्हणजे दोन पृष्ठभाग. रात्री दिव्याचा फोटो घ्या, त्या दिव्याचं भूत कोपऱ्यात उभं राहतं. जुन्या, लेप नसलेल्या लेन्सला खरी गरज असते ती हूडची. काळ्या रंगाचा पत्र्याचा गळा, एवढंच. तो कोणी मागत नाही, कारण त्यात काच नाही.

बरं, एवढा खटाटोप कशाला, आमचा नातू मोबाइलवर एका बोटात आकाश काळं करून दाखवतो. दाखवो बापडा. पण तो जेव्हा आकाश काळं करतो तेव्हा त्याच्याकडे सगळे रंग आधीच आलेले असतात आणि तो नंतर ठरवतो. अण्णांना आधी ठरवावं लागत होतं. फिल्मवर जे आलं नाही ते कधीच येणार नव्हतं. याला आम्ही फक्त तंत्रातला फरक मानायला तयार नाही.

आता दाखल्यांकडे येतो. आपल्याकडे उपाधी शिकवताना स्फटिक आणि जास्वंद यांचा दृष्टान्त देतात. स्वच्छ स्फटिकाजवळ तांबडं फूल ठेवलं की स्फटिक तांबडा दिसतो. फूल उचललं की पुन्हा स्वच्छ. आत्म्यावर कर्तेपणा असाच भासतो, वगैरे. आम्ही वर्गात सांगत असू, की बाळांनो, कॅमेऱ्यापुढची रंगीत काच ही आधुनिक जास्वंद. विद्यार्थी माना डोलवत. वास्तविक दाखला बसत नव्हता. जास्वंद स्फटिकाला स्वतःचा रंग देते. पिवळी काच काळ्या-पांढऱ्या फोटोला पिवळा रंग देते का? फोटोत पिवळं कुठेच नाही. तिनं काही दिलेलं नाही, तिनं फक्त निळ्यातलं काही अडवलं आहे. फोटो बदलला तो जे आलं नाही त्यामुळे.

हे जेव्हा ध्यानात आलं तेव्हा आम्हाला दिङ्नाग आठवला. बौद्ध नैयायिकांचा अपोहवाद. 'गाय' या शब्दाचा अर्थ कोणतं तरी गोत्व नव्हे, तर 'अ-गाय' जे जे आहे त्याची व्यावृत्ती, ते वगळणं. पुष्कळ वर्षं आम्हाला हा सिद्धान्त फार कसरतीचा वाटत असे. उभयतः वगळत बसायचं, मग हाती काय राहतं? आमच्या वर्गात याची टिंगल व्हायची, आणि आम्ही ती होऊ देत असू. पिवळा फिल्टर हाती धरून रामटेकचे दोन प्रिंट शेजारी ठेवले तेव्हा कळलं, हाती ढग राहतात. दाखला म्हणून पिवळी काच वेदान्त्यांपेक्षा बौद्धांच्या लेन्सवर जास्त नीट बसते. त्यावरून अपोहवाद सिद्ध होतो असं नाही, दृष्टान्तानं काहीच सिद्ध होत नाही. पण आमची टिंगल चुकीची होती, एवढं सिद्ध होतं.

दुसरा दाखला कांटचा. रंगीत चष्म्यातून जग पाहण्याचा. क्लाइस्ट नावाच्या जर्मन लेखकानं १८०१ साली एका पत्रात डोळ्यांऐवजी हिरव्या काचा असण्याची कल्पना मांडली, तेव्हापासून कांट शिकवणारे आम्ही सर्व मास्तर चष्म्याची काडी धरून आहोत. यातही गफलत आहे. चष्मा काढता येतो. काढून, लावून, दोन्हींची तुलना करता येते. फिल्टरचं सगळं ज्ञानच या काढण्या-लावण्यात आहे. अण्णांनी दोन प्रिंट काढले म्हणून आम्हाला दुसरा समजला. कांट ज्यांना अवकाश आणि काळ म्हणतो ते आकार असे उतरवून डबीत ठेवता येत नाहीत. म्हणजे हा दाखला नेमका जिथे बसायला हवा तिथे त्याचे आटे संपतात. याची जुन्या विद्यार्थ्यांकडे जाहीर माफी मागतो.

आता जिथे मुख्य वाद आहे तिथे येतो. फिल्टर म्हणजे खोटेपणा का?

अमेरिकेतल्या अॅन्सेल अॅडम्सचं उदाहरण छायाचित्रणाच्या पुस्तकांत नेहमी येतं. १९२७ साली, पंचविशीत, तो योसेमिटीच्या 'हाफ डोम' या कड्यासमोर काचेच्या प्लेटा घेऊन उभा होता. एक प्लेट पिवळा फिल्टर लावून घेतली. घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं की कड्यासमोर उभं राहून जे वाटतं आहे ते यात येणार नाही. शेवटची प्लेट उरली होती. त्यानं गडद तांबडा, एकोणतीस नंबरचा फिल्टर लावला. आकाश जवळजवळ काळं झालं आणि कडा अंगावर आला. पुढे १९३२ साली तो आणि त्याचे सहकारी 'एफ ६४' हा गट काढून शुद्ध छायाचित्रणाचा पुरस्कार करू लागले. काळं आकाश आणि शुद्धता, हे कसं, असं कोणीही विचारेल. आम्हीही तरुणपणी विचारलं होतं, आणि त्याला दांभिक ठरवून मोकळे झालो होतो. आज आम्ही ते मत मागे घेतो. त्यांची शुद्धता म्हणजे 'दुसऱ्या कलेची उसनवारी नको' अशी होती. चित्रकलेसारखा धूसर, ब्रशनं काढल्यासारखा फोटो नको. तांबडी काच ही छायाचित्रणाची स्वतःचीच काच आहे. व्याख्येत ती बसते. मात्र एक गोष्ट आम्ही सोडत नाही. त्या फोटोत आकाश काळं आहे याची जबाबदारी अॅडम्सची आहे, योसेमिटीची नाही. ती त्यानं उघडपणे घेतली, कोणता फिल्टर, कोणत्या क्षणी, कशासाठी, हे आयुष्यभर सांगत राहिला. म्हणून त्याच्या काळ्या आकाशाशी आपण भांडू शकतो. ज्या फोटोचा फिल्टर लपवलेला असतो त्याच्याशी भांडता येत नाही.

आणि याच्या उलट बाजूचं उदाहरण आपल्या गावातच आहे. १४ ऑक्टोबर १९५६. दीक्षाभूमी. लाखो माणसं पांढरी वस्त्रं नेसून आलेली. पावसाळ्यानंतरचं नागपूरचं ऑक्टोबरचं ऊन. त्या दिवशी काळी-पांढरी फिल्म घालून मैदानात आलेल्या कोणाही फोटोग्राफरपुढे काय अडचण असेल, याचा विचार करा. निळं आकाश फिल्मवर पांढरं पडणार. पांढरी साडी पांढरी. डोक्यावरचा पदर कुठे संपला आणि आकाश कुठे सुरू झालं ते कळणार नाही. जी वस्त्रं मुद्दाम, ठरवून, काहींनी उसनवार पैसे करून आणली असतील, तीच नेमकी दिसायची राहतील. इथे पिवळी काच लावणं म्हणजे काय? डोळ्यांना जे दिसत होतं त्याच्या जवळ जाणं. काच न लावता घेतलेला फोटो अधिक 'नैसर्गिक' असं जे म्हणतात ते फिल्मला डोळा समजतात. फिल्मला स्वतःचा पक्षपात आहे, तो निळ्याच्या बाजूचा आहे. पिवळी काच तो पक्षपात थोडा काढते. म्हणून हस्तक्षेप केला की खोटं आणि न केला की खरं, हा हिशेब आम्हाला मान्य नाही.

इथवर सगळं ठीक वाटतं. पिवळ्या काचेच्या बाजूनं बोलणं सोपं आहे. डबीत मात्र नारिंगी आहे.

अण्णांच्या वहीत एक पान आहे. वर लिहिलं आहे, 'मुलींचे फोटो'. खाली : 'नारिंगी, दोन स्टॉप. नंतर पेन्सिल.' ज्यांना त्या काळाची आठवण आहे त्यांना उलगडून सांगायला नको. स्थळाकडे पाठवायचे फोटो. सावळ्या कातडीतून निळ्यापेक्षा तांबडा-पिवळा प्रकाश जास्त परावर्तित होतो. नारिंगी काच निळा आणि बराचसा हिरवा अडवते, त्यामुळे चेहरा आजूबाजूच्या मानानं उजळ होतो. तांबूस डाग, मुरमं पुसली जातात. उरलं तर निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं काम करत. यात अण्णांचं विशेष असं काही नव्हतं. गावोगावच्या स्टुडिओंत हेच चालायचं, आणि आईबाप हेच मागायचे. चांगलं कौशल्य लागतं त्याला. ओठ पांढुरके पडतात, मग त्यांना गडद लिपस्टिक लावायची, हेही वहीत आहे.

आमची धाकटी बहीण, घरात तिला बेबी म्हणतात, तिचा असा फोटो अण्णांनी काढला. १९७६ साल असावं. तो फोटो आमच्याकडे आहे. आम्ही समीक्षक म्हणून सांगतो, उत्तम फोटो आहे. मर्ढेकरांच्या कसोट्या लावा. संवाद आहे, विरोध आहे, समतोल आहे. मागचा करडा पडदा, केसांचा काळा, गालांवरून खाली उतरत गेलेला उजेड. छटांचे संबंध इतके नेमके आहेत की बोट ठेवायला जागा नाही. 'सौंदर्य आणि साहित्य' १९५५ साली आलं, आमची पिढी त्यावर वाढली. कलाकृतीकडे तिच्या घटकांच्या संबंधांतून पाहा, बाहेरचं काही आणू नका, हे आम्ही त्यातून शिकलो, आणि पुष्कळ भोंगळ टीकेपासून त्यानं आम्हाला वाचवलं. पण या एका फोटोपुढे ती शिकवण आम्हाला काहीच सांगत नाही. तिच्या मते इथे उणीव नाही.

वर्ध्याचं स्थळ होतं. पाहायला आले. मुलाच्या आईनं पर्समधून फोटो काढला, बेबीच्या चेहऱ्याशेजारी धरला, आणि म्हणाली, "फोटोत उजळ वाटली होती." एवढंच. पोहे खाऊन गेले. आठ दिवसांनी फोटो टपालानं परत आला. अण्णा त्या संध्याकाळी स्टुडिओतून उशिरा आले. काही बोलले नाहीत. आम्हीही नाही. त्या वर्षी आम्ही कांट शिकवत होतो.

मर्ढेकरांना सोडून द्या असं आम्ही म्हणत नाही. पण छायाचित्र हे चित्रापेक्षा वेगळं पडतं ते इथे. चित्रातल्या बाईला फोटोशेजारी कोणी धरत नाही. छायाचित्र कुणाचं तरी असतं, ते माणूस जिवंत असतं, दारात उभं असतं. छटांचे आपसातले संबंध आणि त्या छटांचा त्या माणसाशी संबंध, हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि छायाचित्राच्या समीक्षेला दोन्ही मांडावे लागतात. दीक्षाभूमीच्या उदाहरणात पिवळ्या काचेनं वस्त्रं दिसू दिली. इथे नारिंगी काचेनं बेबी दिसू दिली नाही. काचा दोन्ही काहीतरी वगळतातच. अपोह दोन्हीकडे आहे. फरक वगळण्यात नाही, कुणाच्या डोळ्यांसाठी वगळलं यात आहे. अॅडम्सनं तांबडी काच लावली ती स्वतःला जे वाटलं त्यासाठी. अण्णांनी नारिंगी लावली ती वर्ध्याच्या बाईंना जे आवडेल त्यासाठी. आणि अण्णांनी ती मायेनं लावली होती, हेही खरं आहे. ते सोडलं तर अण्णांवर अन्याय होईल.

आता काचेचं काय झालं ते सांगून थांबतो. बायोनेट एकचा पिवळा काही मिळेना. तेव्हा ज्युपिटरच्या जुन्या संचातला, साडेचाळीसचा, रशियन पिवळा मिळवला. इतवारीत एका लेथवाल्याकडे जोडकडं करून घ्यायला गेलो. त्यानं नारिंगी फिल्टर उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "नवं कायले करता, सर? हे कडं तं बसतेच ना त्याच्यावर. आतली काच बदलवा." खरंच होतं. नारिंगी काच एका बारीक पट्टीनं धरलेली होती, पट्टीला दोन खाचा. ती फिरवली की काच मोकळी. पिवळी काच मोठी होती, ती घासून लहान करायला हवी. आमच्या मोहल्ल्यातल्या चष्मेवाल्याकडे जुनं चाक आहे. तो म्हणाला, "गोल घासायची असन तं देतो घासून. पन फुटली तं माह्यावर बोलू नका."

पण नारिंगी काच काढायची म्हणजे अण्णांच्या हातची एक वस्तू मोडायची. आम्ही दोन आठवडे डबी टेबलावर ठेवून बसलो. मग बेबीला बोलावलं. ती आता सत्तरीच्या घरात आहे, शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, पुढे लग्न तिनं स्वतःच्या पसंतीनं केलं. तिला सगळं सांगितलं. वहीचं ते पान दाखवावं की नाही, ठरत नव्हतं. दाखवलं. तिनं चष्मा वर करून वाचलं.

"लिपस्टिक मला आठवते," ती म्हणाली. "वहिनीची होती."

मग तिनं डबी उघडली, फिल्टर डोळ्यापुढे धरून आमच्याकडे पाहिलं. "भाऊ, तूही बरा दिसतोस यातून." आम्ही विचारलं, काच काढू का? ती म्हणाली, "काढ. पण फेकू नकोस, मला दे. माझी आहे ती."

चष्मेवाल्यानं पिवळी काच नीट घासली, फुटली नाही. थोडी खुळखुळत होती, म्हणून कडेला काळ्या कागदाची पट्टी घातली आहे. नारिंगी काच बेबीनं रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि चहात साखर कमी घाला म्हणाली. रामटेकला आम्ही अजून गेलेलो नाही. ढगांची वाट पाहतो आहोत, यंदा उशीर आहे.

प्रश्नोत्तरांना पंधरा मिनिटं आहेत असं अध्यक्ष खुणावताहेत. ज्यांना कॅमेरा पाहायचा असेल त्यांनी पुढे यावं. फिल्टर खालच्या लेन्सवर आहे. वरून पाहिलंत तर आकाश पिवळं दिसणार नाही, तक्रार करू नये. आणि कृपया तो काढताना आधी थोडा उलटा फिरवा, जोर लावू नका.